हुरड्याच्या दिवसांतलं पांढरं काळवीट

हुरडा आला. म्हणजे शेतातून आला असं नाही, भाच्याच्या गाडीच्या डिकीतून आला, प्लास्टिकच्या पिशवीत घामेजलेला. हल्ली हुरड्याच्या पार्ट्या असतात म्हणे. रंगीत छत्र्या लावतात, खाटा टाकतात, बैलगाडीतून एक चक्कर मारून आणतात, आणि ज्यांनी जन्मात कधी आगटी पेटवली नाही ते आगटीपुढं उभं राहून दात काढतात. तोंडात दाणा जायच्या आधी फोटो. चटणीचा फोटो, गुळाचा फोटो, गोवऱ्यांचासुद्धा फोटो. मी म्हटलं, राख राहिली, तिचा पण काढा.

मग भाच्याच्या पोरीनं माझा काढला. मांडीवर हुरड्याची पिशवी, तोंडात कवळी. फोन माझ्या नाकापुढं धरून म्हणाली, बघ आजी, किती छान आलीस. मी चष्मा लावून बघितलं. फोननं मला गोरं केलं होतं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं, कुणी मला विचारलं नव्हतं. अठ्ठ्याऐंशी वर्षं वाळलेलं, जन्मापासूनच काळं असलेलं माझं तोंड मेल्यानं एका टिचकीत धुऊन टाकलं, आणि जाता जाता सुरकुत्याही पुसल्या. मला हसू आलं ते आवरेचना. पोरीला वाटलं आजीला ठसका लागला. ती पाणी आणायला पळाली.

तिला काय सांगायचं, की बाई, तुझा फोन आज करतोय ते काम मी पंधरा वर्षं केलंय, आणि त्याच्यापेक्षा बरं केलंय.

तुळजापुरात देवळाकडं जाणाऱ्या उतारावर आमचा फोटो स्टुडिओ होता. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, फोटो काढायचा आणि मी काचा रंगवायचे. तेव्हा आमच्याकडं फोटो काचेवर निघायचा. काचेवर निगेटिव्ह उमटायचं आणि त्यावरून कागदावर छापायचा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. काळे केस पांढरे दिसतात, पांढरं धोतर काळं दिसतं. तिरप्या चौकटीत काच बसवायची, खाली आरसा, आरशात खिडकीचा उजेड, आणि पेन्सिलीचं टोक सुईसारखं करून तोंडावर बारीक बारीक टिंबं देत बसायचं. काचेवर जितकी पेन्सिल फिरेल तितकं कागदावर गोरं उमटतं. थोडक्यात, माणसाला गोरं करायचं तर आधी त्याच्या तोंडाला काळं फासावं लागतं. हे मला त्या वयातही फार आवडायचं. येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाला मी मनापासून काळं फासलं.

आणि कोण आलं नाही? देवीला नवस फेडायला आलेली जोडपी आली. नोकरीच्या अर्जाला फोटो चिकटवणारे मास्तर आले. मेलेल्या बापाचा फाटका फोटो घेऊन पोरं आली. बाप जन्मभर उन्हात औत हाकून कोळसा झालेला, आणि पोरांना तो गोरा पाहिजे, भिंतीवर लावायला. सगळ्यात जास्त आल्या लग्नाच्या पोरी. आई पुढं, पोरगी मागं. आई माझ्या कानाशी येऊन म्हणायची, ताई, जरा उजळ करा, बाकी काय आमचं मागणं न्हाई. मी उजळ करायचे. मला त्या आयांचा राग यायचा, पोरींचा यायचा, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्या पोरांचा तर इतका यायचा की पेन्सिलीचं टोक मोडायचं. माणसाच्या तोंडात बघण्यासारखं कितीतरी असतं. काचेवर महिनोन् महिने डोळे लावून बसलं की कळतं. कुणाची भुवई बोलते, कुणाच्या ओठाच्या कोपऱ्यात खट्याळपणा असतो. पण बघणाऱ्यांना तेवढा एक रंग दिसायचा.

माझंही एकदा केलं. मी बावीस वर्षांची होते, लग्न जमत नव्हतं, का जमत नव्हतं ते सांगायला नको. आई रडली म्हणून मी दादाच्या कॅमेऱ्यापुढं बसले आणि माझीच काच माझ्यापुढं ठेवून दोन दिवस पेन्सिल फिरवली. काम उत्तम झालं. इतकं उत्तम, की पलीकडच्या एका गावचे नानासाहेब आपल्या पुतण्याला घेऊन मला बघायला आले. नानासाहेब म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. पटका, सोन्याची साखळी, येईल त्या अधिकाऱ्याची सरबराई करण्यात पटाईत. आईनं सुशीला केली होती, तिखट चुरमुऱ्याची, वर दाणे आणि खोबरं घालून. दोन बशा खाल्ल्या त्यांनी. मी चहा घेऊन आले. नानासाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग हातातल्या फोटोकडं बघितलं, आणि निघताना दारात दादाला म्हणाले, "फोटो लई झ्याक हाय. आमास्नी तेवढा फोटोच द्या."

पुतण्या हसला. दादा हसला नाही. मी आत जाऊन त्या बशा घासल्या, आणि घासताना ठरवलं की आता या असल्या माणसांसाठी रडायचं नाही. रडले मात्र. त्यानंतर नानासाहेबांनी हा किस्सा बाजाराच्या दिवशी चारचौघांत रंगवून रंगवून सांगितला. उतारावरचा स्टुडिओ म्हणजे खोट्याचं दुकान, असं म्हणायचं आणि मांडीवर थाप मारायची. गंमत म्हणजे गिऱ्हाईक त्यानं कमी झालं नाही, उलट वाढलं. लोकांना खोटंच पाहिजे होतं, ते कुठं चांगलं मिळतं एवढंच त्यांना कळत नव्हतं.

पौषाचे दिवस होते. निजाम जाऊन, आमचा मुलूख हिंदुस्थानात सामील होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. शाळू ज्वारी हुरड्याला आली होती. लाडलेसाबचाचा एका सकाळी स्टुडिओत आले. नानासाहेबांच्याच गावाला त्यांची शेती होती, माळाला लागून. आमच्या वडिलांचे ते दोस्त. वडील गेल्यावरसुद्धा दर वर्षी पहिला हुरडा आमच्याकडं आणून द्यायचे, उपरण्यात बांधून. त्या दिवशी उपरणं रिकामं होतं. खुर्चीवर बसले, पाणी प्याले, आणि दादाला म्हणाले की माळावरच्या हरणांच्या कळपात एक पांढरं काळवीट आलंय.

दादाला पटेना. तेव्हा आमच्याकडच्या माळांवर हरणं शेळ्यांइतकी होती. मादी पिवळसर तपकिरी, मोठा नर पाठीवर काळा कुळकुळीत. पांढरं कुणी ऐकलं नव्हतं. चाचा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. त्यांनी सांगितलं की ते पहाटे माळ्यावर, ज्वारीत पाखरं राखायला बांधतात त्या मचाणावर, गोफण घेऊन बसलेले असतात, तेव्हा ते हरभऱ्यात येतं. पण ते नवल सांगायला ते आले नव्हते. नानासाहेबांकडं एक साहेब येणार होता. कुठल्या खात्याचा ते मी सांगत नाही, सगळी खाती सारखीच. साहेबाला बंदुकीचा शौक. नवाब गेले आणि त्यांचे शौक खुर्चीत ठेवून गेले. जो खुर्चीत बसेल त्याच्या अंगात ते भिनायचे. फरक इतकाच की नवाबाला निदान नेम होता. तर साहेबासाठी नानासाहेबांनी माळावर हाका ठरवला होता. सगळ्या गावानं डबे वाजवत हरणं हाकायची आणि साहेबानं जीपमध्ये बसून मारायची.

"मास्तर, फोटो काढा त्याचा," चाचा दादाला म्हणाले. "साहेबाला दावला की हात थांबंल त्याचा. असलं येगळं जनावर मारायला कुणाचा जीव धजतोय?"

मी आतून ऐकत होते. मला वाटलं, चाचांसारखा भाबडा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि त्यांनी स्वतः साहेबाला का सांगितलं नाही तेही मला कळत होतं. मागची काही वर्षं त्यांच्या लोकांना सोपी गेली नव्हती. गावात खालमानेनं राहायची त्यांनी सवय लावून घेतली होती. स्वतःच्या रानाबद्दलसुद्धा ते दुसऱ्याच्या तोंडून बोलू बघत होते.

दादा गेला. तीन पहाटा तो माळ्याच्या खाली चाचांची घोंगडी पांघरून कॅमेऱ्याशी बसला. बाहेरनं ज्वारीची ताटं बांधून घेतली होती, भिंग तेवढं उघडं. तीनही दिवस हरणं लांबनंच गेली. दादा असा माणूस, की स्टुडिओत दहा मिनिटांत गिऱ्हाईक उठवून लावायचा, आणि तिथं दवात भिजून दात वाजेपर्यंत बसत होता. आयुष्यभर त्यानं माणसांना हनुवटी वर करा, हलू नका, असं सांगण्यात घालवलं होतं. हलणाऱ्या, ऐकून न घेणाऱ्या जिवाचा फोटो त्याला पहिल्यांदाच काढायचा होता. त्यानं मुंबईच्या एका मासिकाचा पत्ता कापून ठेवला होता. चांगल्या फोटोंची स्पर्धा होती त्यात. हा फोटो निघाला तर पाठवायचा, एवढंच तो मला म्हणाला. पण त्या रात्रीपासून तो जेवताना गुणगुणायला लागला.

चौथ्या दिवशी मी गेले, काचांची पेटी सांभाळायला. आदल्या संध्याकाळी चाचांच्या घरी मुक्काम केला आणि तांबडं फुटायच्या आत शेतात पोचलो. चाची हरभऱ्यावरून पांढरं फडकं फिरवत होत्या. हरभऱ्यावर दवानं आंब धरते, ती फडक्यात टिपून पिळून बाटलीत भरतात, पोटदुखीवर औषध म्हणून. त्या आंबट खारट चवीला हरणंही लागलेली असतात. म्हणूनच ती तिथं यायची. चाची आपलं काम आटपून शांतपणे बांधावर जाऊन बसल्या, जणू पुढची पाळी हरणांची होती.

आणि ती आली. आधी माद्या, मग पिल्लं, मग दोन काळे नर मान ताठ करून. सगळ्यांच्या मागं, चांगलं पन्नास पावलं अंतर ठेवून, ते. पांढरं म्हणजे चुन्यासारखं नव्हे, दुधावरच्या सायीसारखं. डोळे काळे. शिंगं लांब, पिळाची, चांगले तीन पीळ पडलेली. ते हरभऱ्याच्या कडेला आलं की एक काळा नर वळून अंगावर जायचा आणि ते मुकाट्यानं मागं सरायचं. परत यायचं, परत हाकललं जायचं. मी तोंडावर पदर दाबून बघत राहिले. आमच्याकडं गोऱ्या पोरीला स्थळांची रांग लागते, आणि इथं हे गोरं म्हणून कळपाबाहेर. जनावरंसुद्धा शेवटी रंगच बघतात, असं माझ्या मनात आलं आणि मला कळपाचीही घृणा वाटली. मग ते आमच्या बाजूनं, जिथं नर नव्हते तिथं, हरभऱ्यात शिरलं. माझ्यापासून पंचवीस पावलांवर. त्यानं मान वर केली. दादानं फोटो काढला. खटक्याच्या आवाजानं कान हलले, पण ते पळालं नाही. दादानं काच बदलली, दुसरा काढला. तेवढ्यात मी रडत होते हे मला कळलं.

काच धुऊन उजेडात धरली तेव्हा सगळी हरणं त्यात पांढुरकी होती आणि ते एकटं काळं होतं. मी ती काच दोन्ही हातांत धरून बसले. त्यावर मी पेन्सिलीचं एक टिंबही दिलं नाही. माझ्या टेबलावर आलेली ती पहिली काच, जिच्यात सुधारायला काही नव्हतं.

दादानं मोठा फोटो छापला आणि चाचांना घेऊन नानासाहेबांच्या बैठकीत साहेबापुढं ठेवला. मी तिथं नव्हते. दादानं नंतर सांगितलं ते एवढंच, की साहेबानं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, क्षणभर त्याचा चेहरा बदलला. तेवढ्यात नानासाहेब पुढं वाकले.

"साहेब, ह्या फोटोवर जाऊ नका. ह्यांच्या दुकानात म्हशीची गाय करून देत्यात. आमी सोता जाऊन बघून आलाव."

बैठक हसली. साहेब हसला. फोटो पानाच्या तबकाशेजारी पडून राहिला आणि त्यावर कुणीतरी अडकित्ता ठेवला. दादानं तो उचलून, धोतरानं पुसून परत आणला. घरी आला तेव्हा त्याच्या तोंडाला रंग नव्हता. आता यापुढं कुणाचंही तोंड पुसायचं नाही, तो म्हणाला, जसं असेल तसं छापायचं, पटलं तर घ्या. दोष माझ्या पेन्सिलीचा होता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. चार पहाटा दवात बसून दादानं एक खरी गोष्ट मिळवली होती, आणि मी आधीच सगळ्या गावाला शिकवून ठेवलं होतं की आमच्याकडचं पांढरं खरं नसतं.

हाका झाला. पत्र्याचे डबे होतेच, शिवाय तेरखेड्याहून पोतंभर फटाके आणले होते. चाचांच्या उभ्या ज्वारीतून माणसं आणि जीप गेली. आणि त्या गोंधळात, फटाक्यांच्या धुरातून, ते पांढरं काळवीट जीपच्या समोरून निघालं. साहेबानं ते डोळ्यांनी बघितलं. दोन बार टाकले. दोन्ही चुकले. दुसरा बार मागून येणाऱ्या एका हरणीला लागला, साध्या, पिवळ्या, बिनशिंगाच्या. ते मात्र माळ ओलांडून दिसेनासं झालं.

दुपारी चारला चाचांची बैलगाडी स्टुडिओपुढं थांबली. त्यांच्याच गाडीतून, त्यांच्याचकडून, हरणी वाहून आणवली होती. मागून जीपमधून साहेब आणि नानासाहेब. दोन माणसांनी हरणी आत आणली आणि आमच्या पडद्यापुढच्या सतरंजीवर टाकली. तो पडदा सोलापूरच्या पेंटरनं रंगवलेला होता. तळं, कमळं, आणि दोन हंस, त्यातल्या एकाची मान मोडल्यासारखी. त्या हंसांपुढं साहेबानं हरणीच्या पाठीवर बूट ठेवला, बंदूक उभी धरली आणि छाती काढली. मी त्या माणसाइतकं हास्यास्पद काही आजवर बघितलं नाही, आणि मी शेकडो नवरदेव बघितलेत.

फोटो काढून झाला. मग साहेब खरं बोलला. पांढरं काळवीट दिसल्याचा निरोप त्यानं सकाळीच आपल्या तीन मित्रांना सोलापूरला धाडला होता. तिघंही बंदूकवाले. आयतवारी जीपा घेऊन ते माळ विंचरायला येणार होते. आता साहेबाला धास्ती पडली होती की त्यांच्यातल्या कुणी ते मारलं तर याची नाचक्की. म्हणून त्यांच्या आधी, आपणच ते मारलंय, असा फोटो त्याला हवा होता.

"तुमच्याकडं म्हशीची गाय होते म्हणे," साहेब म्हणाला. "मग हिला पांढरं करायला काय हरकत आहे?"

नानासाहेब खो खो हसले. आठवड्यापूर्वी ज्या तोंडानं खोटे म्हणाले त्याच तोंडानं. लाज नावाची चीज या माणसांना कुणी दाखवलीच नसावी. दादानं कॅमेऱ्यावरचं काळं कापड घडी केलं आणि शांतपणे सांगितलं की ते काम आता होत नाही, जसं आहे तसं छापून मिळेल. साहेबाच्या कपाळाला आठी पडली. दादाची मान ताठ होती. कितीतरी दिवसांनी मी ती तशी बघत होते.

मी दारात उभी होते. चाचांना पाणी द्यायला आले होते, तांब्या त्यांच्या हातात होता. आयतवारी तीन जीपा. हाक्यात साहेबाचा नेम चुकला, चौघांचा चुकणार नाही. पण ते मेलंय असं सगळ्यांना वाटलं तर? मेलेल्याच्या मागं कोण कशाला येईल?

"होईल," मी म्हणाले. "मी करते."

दादानं माझ्याकडं बघितलं. मला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. चाचांनी तांब्या तसाच, तोंडाला न लावता, उंबऱ्यावर ठेवला आणि गाडी जुंपायला गेले. कारण सांगायची सोय नव्हती, साहेब समोर होता, आणि पुढंही, म्हटलं, हे जितक्या कमी कानांवर जाईल तितकं बरं.

हरणी फार मोठी होती, नुसत्या पेन्सिलीनं भागणारं नव्हतं. काचेच्या पाठीवर व्हार्निश लावलं, ते वाळल्यावर शिशाची पूड कापसानं चोळली, कडा ब्रशानं साफ केल्या. नाकाजवळ, खुरांजवळ, पोटाखाली सावली राखली, नाहीतर खडूनं रंगवल्यागत दिसलं असतं. मी खऱ्याला जवळून बघितलं होतं. सायीचा रंग कुठं दाट असतो, कुठं विरळ, मला माहीत होतं. त्या मेलेल्या मुक्या जिवाच्या अंगाला मी दोन दिवस काळं फासत होते, आणि मनात त्याची माफी मागत होते. डोक्यावर शिंगं रेखायचा विचार आला होता. मग म्हटलं, नको. बघू या, कोण विचारतंय.

शुक्रवारी साहेब आला. फोटो बघून हुबेहूब, हुबेहूब म्हणाला. आणि मग इकडंतिकडं बघून, हळूच, स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाला की हे पण जरा उजळ होईल का? केलं. त्याच्याही तोंडाला फासलं. मोकळ्या हातानं फासलं.

आयतवारी कुणी आलं नाही. फोटोची एक प्रत साहेबाच्या कचेरीत लागली, एक नानासाहेबांच्या बैठकीत. माणसं लांबून लांबून येऊन बघून गेली. अंमलदार आले, वकील आले, शिकारीवर तासभर बोलणारे शौकीन आले. पांढरं काळवीट, वा, असं म्हणायचे आणि चहा प्यायचे. डोक्यावर एक शिंग नसलेली मादी समोर टांगलेली, आणि अख्ख्या जिल्ह्यात एकाला प्रश्न पडला नाही. ज्यांना रंगापुढं काही दिसत नाही, त्यांच्यापासून लपवायला फारसं काही करावं लागत नाही.

मी ते का केलं हे दादाला शनिवारीच कळलं होतं. तो माझ्याशी बोलत नव्हता, पण संध्याकाळी त्यानं पिशवीतून मुंबईचा लखोटा काढला. तिकिटं लावलेला, पत्ता लिहिलेला. पाठवला असता आणि छापून आला असता, तर साहेबाचं पांढरं मेलंय आणि हे जिवंत कुठनं आलं, असं कुणीतरी म्हटलंच असतं. दादानं लखोटा फोडला, खरा फोटो आणि दोन्ही काचा बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या आणि डबा माझ्या हातात दिला. पुन्हा तो कधी माळावर कॅमेरा घेऊन गेला नाही. लग्नंमुंजींचे फोटो काढत म्हातारा झाला आणि गेला. त्याचं नाव मी बुडवलं. ते जनावर वाचलं म्हणून हे बोचायचं थांबत नाही.

चाचा पंधरा दिवस फिरकले नाहीत. मग एका सकाळी आले, उपरण्यात हुरडा, अजून गरम, राखेचा वास असलेला. बसले. नानासाहेबांच्या बैठकीत तो फोटो बघून आले होते म्हणाले. माझ्याकडं बारीक डोळ्यांनी बघत त्यांनी विचारलं, "बेटी, शिंगं कुठं गेली गं?"

"पळताना पडली असतील," मी म्हणाले.

चाचा हसले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग उपरण्याचं टोक डोळ्यांना लावून त्यांनी पाणी मागितलं आणि तांब्या पूर्ण रिकामा केला. त्यानंतर दर पौषात ते हुरडा घेऊन यायचे, आणि तो माझ्या ओंजळीत ओतताना एकच शब्द बोलायचे, "हाय." एवढ्यानं माझं वर्ष निघायचं. सहा सुग्या असं झालं. सातव्या वर्षी त्यांनी हुरडा ओतला, उपरणं झटकलं, घडी केलं आणि बसून राहिले. मी विचारलं नाही. पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

पोरगी पाणी घेऊन आली तोवर माझं हसणं थांबलं होतं. का हसलीस म्हणून मागं लागली. मी तिला फळीवरचा बिस्किटाचा डबा काढायला लावला. आधी दादाचा फोटो हातात दिला. हरभऱ्यात उभं असलेलं, मान वर केलेलं, काळ्या डोळ्यांचं. तिनं दोन बोटांनी तो मोठा करायचा प्रयत्न केला, मग कागद आहे हे लक्षात येऊन खजील झाली. भारी आहे, म्हणाली, पण आजी, हे एडिट केलंय ना? पांढरं कुठं असतं असलं? मी म्हटलं, कुणी काही केलेलं नाही. तिनं माझा हात थोपटला, म्हाताऱ्या माणसांना थोपटतात तसा.

मग मी साहेबाचा फोटो दिला. तिनं तो उजेडाकडं वळवला. हंस, बंदूक, बूट, आणि बुटाखाली पडलेलं ते पांढरं जनावर, बराच वेळ बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे खरंच होतं हे, म्हणाली, किती दुष्ट माणूस, मारून टाकलं बिचाऱ्याला. साठ-पासष्ट वर्षांनीसुद्धा माझं काम धुपलं नव्हतं.

मी हुरड्याची मूठ तोंडात टाकली आणि थांबले. म्हटलं, आता विचारेल, आजी, याची शिंगं कुठं गेली. तिनं डोळे पुसले, फोन काढला आणि त्या फोटोचा फोटो काढला.